दुधातले कण नाचताना पाहायचे तर

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, वडोदऱ्याला, मी हा नाच, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी बारीक कणांची थरथर (ब्राउनियन गती), रात्री दिवे मालवून पाहतो. शोभेच्या दिव्यातली १ मिलीमीटर जाड प्लास्टिक फायबर (प्रकाश वाहून नेणारा तंतू) घ्या. टोक नव्या ब्लेडने सरळ कापून ओल्या पॉलिशपेपरवर घासा. दुसऱ्या टोकाला एलईडी. लेझर नको, डोळे दोनच आहेत. वाटीभर पाण्यात दुधाचा एक थेंब. त्यातलं टिपूस काचपट्टीवर, वर पातळ काच, कडांना व्हॅसलीन. फायबर पट्टीच्या कडेला टेकवा: प्रकाश काचेतून धावतो आणि सूक्ष्मदर्शकात काळोखावर कण चमकतात. सगळेच एका दिशेने निघाले, तर तो नाच नव्हे, पाण्याचा प्रवाह. पंखा बंद करा (माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली). मोबाइलवर चित्रण करून दर सेकंदाला एकाच कणाची जागा टिपा. १ मायक्रॉनचा (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) कण सेकंदात जेमतेम मायक्रॉनभर सरकतो.