पेज, शहाळं आणि मारी बिस्किट : ऑपरेशनच्या आधी-नंतर खाण्यातल्या या चुका टाळा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले, तेव्हा आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी ओट्याखाली अकरा शहाळी जमली होती. भेटायला येणारा जो तो जांभळी नाक्यावरून शहाळं नाहीतर मोसंबी घेऊनच यायचा. आई आज्ञाधारकपणे पेज पीत होती, आणि बाथरूमपर्यंत जाऊन आली की घामाघूम होऊन पलंगावर पडत होती. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने विचारलं, "आजी खातात काय?" मी अभिमानाने म्हटलं, "सगळं पथ्याचंच." तो म्हणाला, "एक दिवस लिहून काढा."

लिहिलं. सकाळी चहा आणि दोन मारी. अकराला शहाळं. दुपारी मऊ भात, त्यावर वरणाचं वरचं पाणी. चारला पुन्हा चहा, पुन्हा दोन मारी. सहाला साबुदाण्याची खीर. रात्री पेज, आणि झोपताना आणखी अर्धा कप चहा. प्रथिनांचा हिशोब केला तर अख्ख्या दिवसाचे जेमतेम वीस ग्रॅम निघाले, तेही बरेचसे चहाखिरीतल्या दुधाचे. आईचं वजन ६० किलो. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था, यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसालाही किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे तिला ५० ग्रॅम. ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमचा आकडा धरतात, म्हणजे ७२ ते ९०. आम्ही तिची काळजी घेत होतो आणि तिला उपाशीही ठेवत होतो.

पथ्य म्हणजे वगळणं, हा समज

आमची मोठी चूक हीच, बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातून निघाल्या. आपल्याकडे पथ्य म्हटलं की यादी सुरू होते ती 'नको'ची. तूरडाळ नको, वातूळ. अंडं नको, उष्ण. भात नको, जखम पाणावते. (ही मावशी. तिची जाऊ मात्र म्हणाली, फक्त भातच दे.) गुडघ्याच्या ऑपरेशनचा आतड्याशी काही संबंध नाही, तरी पथ्य पोटाच्या ऑपरेशनचं.

शरीराची गरज नेमकी उलटी असते. १९३० च्या सुमारास ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन हे संशोधक हाडं मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. मोडलेलं एक हाड, पण लघवीतून बाहेर पडणारं नायट्रोजन (प्रथिनं मोडली की ते सुटतं) इतकं, की ते त्या पायातलंच असणं शक्य नव्हतं. अंगभरचा स्नायू विरघळत होता. शस्त्रक्रियेनंतरही तेच होतं. जखम भरायला, जंतूंशी लढायला लागणारा माल शरीर ताटातून मिळाला तर ताटातून घेतं, नाही मिळाला तर मांड्यांतून आणि दंडांतून काढतं. १९३६ साली क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या सर्जनने पोटातल्या अल्सरच्या रुग्णांचा हिशोब मांडला. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले, बाकीच्यांतले ३.५ टक्के. तेव्हापासूनचं संशोधन याच मुद्द्याभोवती फिरतंय, आणि आपण अजून वरणाचं पाणी पाजतोय.

या वरणाच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरोघरी हेच चालतं. मी काट्यावर ५० ग्रॅम तूरडाळ मोजून शिजवली. कोरड्या डाळीत ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. कुकरमधून काढली, घोटली नाही, तशीच ठेवली. दहा मिनिटांत डाळ तळाशी आणि वर पिवळसर, हळदीचा वास येणारं पाणी. ते पाणी आपण 'पचायला हलकं' म्हणून रुग्णाला देतो, आणि तळातला घट्ट गोळा घरातले धट्टेकट्टे खातात. उपाय सोपा : रवीने घोटा, पळी तळातून फिरवा, आणि पातेल्यात पाणी कमी घाला.

पाया सूपचंही तेच. त्याला घरात देव्हाऱ्यातला मान आहे. त्यात उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारा प्रथिनाचा घटक, नसतं. चव म्हणून प्यावं, तोंडाला रुची येते. जेवण म्हणून मोजू नये. शहाळ्याबद्दल इतकंच, की ते पाणी आहे, पोटॅशियम आहे, प्रथिन नगण्य. किडनी कमजोर असलेल्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाला रोज दोन-दोन शहाळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आंबट बंद

"लिंबू दाखवू नकोस हो तिला, टाके चिघळतात," मावशीने बजावलं होतं. जखम सांधणारं कोलाजेन हे प्रथिन घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं, ते आपण आंबटाबरोबर बाहेर काढतो. बोस्टनचे जॉन क्रँडन हे तरुण सर्जन १९३९ मध्ये स्वतःवरच प्रयोग करायला बसले. महिनोन्महिने क जीवनसत्त्व नसलेलं खायचं आणि पाठीवर जखम करून घ्यायची. तीन महिन्यांनी केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली वरून मिटल्यासारखी दिसली, आत सांधलीच नव्हती. मग क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेतल्यावर ती भरून आली. यावरून कोणी गोळ्यांचे डबे आणू नयेत; साठा संपायला त्यांनाही महिने लागले. एक पेरू किंवा एक आवळा रोज, इतकं पुरतं. लिंबू तर भातावर पिळायचंच.

ऑपरेशनच्या आधीचा महिना वाया घालवणं

तारीख दीड महिना पुढची मिळाली होती. "वजन थोडं कमी करा" एवढं ऐकून आईने रात्रीचं जेवण सोडलं. तीन किलो उतरले, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे कोणी विचारलं नाही.

आपल्या लोकांत हा प्रश्न जास्त टोचतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ, आतून चरबीदार. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषांना ९० व बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. अशा माणसाने नुसतं खाणं तोडलं तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी जातो, आणि स्नायू हेच साखर रिचवायचं मोठं कोठार असल्यामुळे साखरही बिनसते.

त्या महिन्यात करायच्या गोष्टी अगदी साध्या. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठता येतं का, ते बघा; येत नसेल तर प्रथिन आणि व्यायाम त्याच दिवशी सुरू करा. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाची गोळी चहाबरोबर गिळू नका, चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८ टक्क्यांच्या वर असेल तर बरेच सर्जन तातडी नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलतात. आणि मधुमेहाची प्रत्येक गोळी, नावासकट, भूलतज्ज्ञांना दाखवा. आईला डापाग्लिफ्लोझिन, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर काढणारी मधुमेहाची गोळी, चालू होती. या गटातल्या बहुतेक गोळ्या ऑपरेशनआधी निदान तीन दिवस बंद करतात, नाहीतर मीटरवर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रुग्ण गंभीर होऊ शकतो. बंद करायचा निर्णय डॉक्टरांचा. आपलं काम नाव सांगायचं. तंबाखू, मिश्री, अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल हेही सांगायचं. आई मिश्री लावते हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री दहापासून पाणीही नाही

आमच्या वाट्याला आलेला हा मनस्ताप. फॉर्मवर 'रात्रीपासून उपाशी' एवढंच लिहिलेलं. आईने दहाला शेवटचा घोट घेतला. नंबर सकाळी आठचा होता, तो सरकत सरकत दुपारी दीडला गेला. साडेपंधरा तास पाण्याशिवाय, मधुमेही, अडुसष्ट वर्षांची बाई. मी सिस्टरना दोनदा विचारलं. "काही देऊ नका" हे उत्तर दोनदा मिळालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण ही खोड एकाच ठिकाणची नाही.

भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, आणि ते आवश्यकच आहे. पण अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे नियम कित्येक वर्षं असे आहेत : हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळकट-मटण असेल तर आठ किंवा जास्त, आणि स्वच्छ पातळ द्रव, म्हणजे पाणी, गर नसलेला फळांचा रस, कोरा चहा, दोन तास आधीपर्यंत. गंमत अशी की आपण पाणी बंद करतो आणि पहाटे "घोटभर चहाने काय होतंय" म्हणून दुधाचा चहा पाजतो. दुधाचा चहा द्रव नाही, खाणं आहे. त्याला सहा तास लागतात.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात या सगळ्या जुन्या सवयी एकेक करून तपासायला घेतल्या. लांब उपवास, नळ्या, आठवडाभर बिछाना. स्वीडनचे सर्जन ओले युंगक्विस्ट यांनी दाखवलं की ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी सुमारे ४०० मिलीलिटर पाण्यात ५० ग्रॅम कर्बोदकं दिली, तर नंतरचा इन्सुलिनचा अडेलपणा, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, कमी होतो. मधुमेह असेल तर हा प्रयोग घरी करायचा नाही. मात्र आधी भेटून एवढं विचारा : "पाणी किती वाजेपर्यंत चालेल, आणि नंबर मागे गेला तर पुन्हा कोण सांगणार?" लेखी घ्या. आमच्यासारखं ऐनवेळी कॉरिडॉरमध्ये विचारू नका.

साखर वाढली म्हणून ताट काढून घेणं

तिसऱ्या दिवशी आईची साखर २१० आली. भाऊ म्हणाला, "आता दुपारचं काही देऊ नको." पण ऑपरेशनच्या ताणाने कॉर्टिसोल, ॲड्रिनलिन ही संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडत राहतं, इन्सुलिन ऐकेनासं होतं. मोठ्या ऑपरेशननंतर हे दोन-तीन आठवडेही टिकू शकतं. न खाताही साखर चढते. अशा वेळी औषधाचा डोस बदलायला डॉक्टरांना फोन करायचा आणि ताटातलं काय ते बदलायचं. आमच्या ताटात पेज, मारी, साबुदाणा, म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट होतं. त्यावर २१० आली यात नवल काय!

मी बदललं ते असं. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं, १२ ग्रॅम प्रथिनं तिथेच. अकराला एक अंडं, ६ ग्रॅम. दुपारी भात अर्धा, घट्ट वरण, आणि चेंदणी कोळीवाड्यातून आणलेला बांगडा. १०० ग्रॅम मासा म्हणजे १८-२० ग्रॅम. संध्याकाळी दही फडक्यात टांगून काढलेला चक्का, साखर न घालता, जिरेपूड आणि मीठ लावून. रात्री पिठलं आणि ज्वारीची छोटी भाकरी, सोबत ५० ग्रॅम पनीर. भाकरी-भाताचे धरून ६५ ते ७० च्या आसपास. ७२ गाठले नाहीत रोज, पण विसावरून इथवर आलो. मांसाहार नसेल तर डाळ, पनीर, सोयाबीनच्या वड्या यांवर भर द्यावा लागेल. डब्यातली पावडर आणणार असाल तर लेबलावर पहिलं नाव साखरेचं नाही ना, एवढं बघा.

अडलं तर

भूकच नाही? ताट भरून पुढे ठेवू नका, ते बघूनच मन उडतं. सहा वेळा थोडं थोडं, आणि आधी डाळ-अंडं, मग भात.

पोट साफ होत नाही? बरेचदा ते वेदनाशामक गोळ्यांमुळे असतं. पाणी, भाजी, पपई, चालणं. तीन दिवसांवर गेलं तर डॉक्टरांना सांगा, एरंडेल स्वतः देऊ नका.

नीट खाऊनही ताकद येत नाही? उठवा. जॅमा या नियतकालिकात २००७ साली आलेल्या अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. आई आधी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत, मग लिफ्टने खाली, सहाव्या आठवड्यात काठी घेऊन तलावपाळीला अर्धा फेरा.

किडनीचा आजार असेल तर वरचे प्रथिनांचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. आतड्याचं ऑपरेशन असेल तर काय आणि कधी सुरू करायचं ते सर्जन ठरवतील. आणि जखमेतून पू, वाढती लाली, ताप किंवा पोटरीत सूज-दुखणं दिसलं, तर "भात दिलास म्हणून झालं" या वादात संध्याकाळ घालवू नका. जखमेचा फोटो काढा आणि सर्जनला फोन लावा.