कथेच्या पेपरला बसण्याआधी

आधी मूळ कथा हातात हवी. झेरॉक्स चालेल, पण पूर्ण असावी आणि समासात लिहायला जागा असावी. गाइडमधला सारांश परीक्षा होईपर्यंत उघडू नका. पहिलं वाचन एका बैठकीत, पेन्सिल बाजूला ठेवून करा. कुठे थबकलात, कुठे पोटात तुटलं, ते संपल्या संपल्या दोन ओळींत टिपा. महिन्याभराने उत्तर लिहिताना सर्वांत जास्त उपयोग याच ओळींचा होतो.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि निवेदकापासून सुरुवात करा. कथानक, पात्रचित्रण, वातावरण यांवर सगळेच लिहितात. गोष्ट कोण सांगतंय आणि त्याला जे ठाऊक आहे ते कथेतल्या इतरांना ठाऊक आहे का, हे मात्र फार थोडे विचारतात. बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घ्या, १९६३च्या संग्रहातली. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी जात लपवून राहतो. तो स्वतःच बोलतोय, म्हणून त्याच्या मनातली धाकधूक थेट आपल्यापर्यंत येते आणि भोवतालच्या माणसांनी दाखवलेल्या आपुलकीचीही आपल्याला भीती वाटू लागते. यातला एक परिच्छेद तृतीयपुरुषी करून वहीत लिहून पाहा. काय निसटलं ते लगेच कळेल. वर्गात मी हे दरवर्षी करून घेते.

मग शीर्षक. बागूल ‘लपवली’ म्हणत नाहीत, ‘चोरली’ म्हणतात. चोरी म्हटली की कुणाची तरी मालकी आली, ती कुणाची? आणि ‘होती’मुळे कळतं, की हे सगळं घडून गेल्यावर, जात उघडी पडून मार खाऊन झाल्यावरचं सांगणं आहे. एका क्रियापदावर पानभर लिहिता येतं, आणि तसं पान वाचताना मला मनापासून आनंद होतो.

नवकथेच्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपास वळण बदललेल्या मराठी कथेच्या, प्रश्नासाठी गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही नावं पाठ असतातच. त्यांनी आधीच्या घटनाप्रधान कथेतलं काय सोडलं, ते एकाच कथेतून दाखवता येईल एवढी तयारी ठेवा. माडगूळकरांची कथा नेमलेली असेल तर माणदेशी शब्दांची वेगळी यादी करा, अर्थ घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाला विचारा आणि उत्तरात ते शब्द प्रमाण मराठीत बदलू नका.

अवतरणं चार पुरेत, प्रत्येक एका ओळीचं, त्यांतलं एक कथेच्या शेवटातलं. शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावून एक पूर्ण उत्तर लिहा. त्याचं पहिलं वाक्य लेखकाच्या जन्मसालाने सुरू झालं असेल तर ते खोडा आणि कथेतल्याच एखाद्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात करा.