घरात बसून सोसाट्याचा वारा कसा ऐकावा

खिडकी सताड उघडावी आणि डोळे मिटून तिच्यापाशी बसावे, असा सल्ला देणाऱ्याने वारा कधी लक्षपूर्वक ऐकलेला नसतो. उघड्या खिडकीत झोत थेट कानावर आदळतो, कानाच्या पाळीभोवती हवेचे भोवरे उठतात आणि त्या फडफडाटापुढे बाहेरचे काहीच ऐकू येत नाही.

प्रथम हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग पाहावा. वाऱ्याचा जोर मोजण्याच्या ब्यूफर्ट श्रेणीतील सहाव्या क्रमांकाचा वारा, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, मोठ्या फांद्या हलवतो आणि तारांतून शीळ घालू लागतो. त्याहून मंद वाऱ्यासाठी एवढा खटाटोप करू नये.

पंखे बंद करावेत. सैल तावदाने, दारांच्या कड्या आणि पडद्यांच्या दांड्या कागदाच्या घडीची पाचर मारून घट्ट कराव्यात, कारण पुष्कळ लोक ज्याला वाऱ्याचा आवाज समजतात ती त्यांच्याच घराची खडखड असते.

आता खरा अवघड टप्पा, फट ठेवण्याचा. यानेच मला सर्वाधिक छळले आहे. वारा ज्या भिंतीवर येऊन धडकतो तिच्यावर हवेचा दाब वाढतो, तर पलीकडच्या, वाऱ्याआडच्या बाजूला तो कमी होऊन हवा बाहेर ओढली जाते. त्यामुळे फट नेहमी वाऱ्याआडच्या खिडकीलाच ठेवावी: तिथे हवा खोलीतून बाहेर जाते, झोत अंगावर येत नाही आणि बाहेरचा आवाज मात्र आत पोहोचतो. बाजू ओळखण्यासाठी अंदाज बांधत बसू नये. फटीपाशी एक दोरा धरावा. तो बाहेर ओढला गेला तर खिडकी योग्य, आत उडाला तर ती लगेच बंद करावी. वारा दिशा बदलतो, म्हणून अधूनमधून ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

फट किती असावी, यावर माझे मत ठाम आहे: तळहाताच्या रुंदीएवढी. अगदी बारीक फटीतून बऱ्याचदा एक तीक्ष्ण शीळ निघते, ती कितीही रोमांचक वाटली तरी झाडांचा आवाज पुरता गिळून टाकते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडण्याचा सल्ला तर मुळीच मानू नये. त्याने दारे आपटतात आणि कागद उडतात, ऐकणे बाजूलाच राहते. याउलट खोली सगळीकडून घट्ट बंद असेल, तर एकाच फटीमुळे झोतागणिक आतल्या हवेचा दाब वरखाली होऊन कानात दडे बसल्यासारखे वाटते. अशा वेळी घरातले आतले दार उघडून त्याखाली भक्कम पाचर ठोकावी. झडपेची खिडकी असेल तर झडप हुकाला अडकवल्याशिवाय जागेवर बसू नये. सरकती खिडकी केव्हाही बरी.

बसायचे फटीपासून दोन-तीन पावले दूर, भिंतीला पाठ टेकून.

मग आवाज वेगळे काढता येतात. पानांची सळसळ अनेक स्वरांची मिळून झालेली असते, तर तारेचा सूर एकटा ऐकू येतो. तारेच्या मागे दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे तो निर्माण होतो आणि त्यासाठी तारेने स्वतः थरथरण्याची गरज नसते. श्ट्रौहाल या भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दाखवून दिले की वेग वाढला की हा सूर चढतो आणि तार जाड असली की उतरतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात पाच मिलिमीटर जाडीची तार सेकंदाला सुमारे ४०० कंपनांचा सूर देते. एकाच तारेकडे लक्ष ठेवले, तर झोत कधी चढतो आणि कधी ओसरतो हे तिच्या सुरावरूनच कळते.

वारा ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे गेला की फट बंद करावी आणि काचेपासून दूर, आतल्या खोलीत जावे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि वाऱ्यासमोरची एखादी खिडकी अशा वेळी फुटली तर आत शिरलेली हवा छपराला खालून उचलू लागते. त्या वेगाचा वारा बंद खिडक्यांतूनही भरपूर ऐकू येतो.