एक्स्प्रेशन पेडल निवडताना: दुकानात हाताने दाबून बघू नका

कीबोर्डवर बासरी किंवा व्हायोलिनचा धरलेला स्वर फुलवायचा असेल तर एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल, लागतंच. स्वर उमटताना किती जोर असेल ते बोटं ठरवतात, पुढचं सगळं पायावर.

जोडणीचं आधी उरकून घ्या. व्हॉल्यूम पेडल नको, त्यातून प्रत्यक्ष आवाज जातो. एक्स्प्रेशन पेडल वेगळं, ते फक्त पाय कुठे आहे ते कीबोर्डला कळवतं. केबल तीन भागांच्या (टिप म्हणजे टोक, रिंग म्हणजे मधली कडी आणि स्लीव्ह म्हणजे मागची नळी) स्टीरिओ जॅकची हवी. यामाहा आणि रोलँडच्या पेडलांत टिप-रिंगची जोडणी एकमेकांच्या उलट असते. म्हणून मॅन्युअलमध्ये सुचवलेलं पेडल घ्या, नाहीतर ही जोडणी उलटवायचा, म्हणजे पोलॅरिटीचा, स्विच असलेलं.

आता पाय. मला सगळ्यांत जास्त छळलं ते इथेच. पेडल जमिनीवर ठेवा आणि कार्यक्रमात वाजवता तसेच बसा किंवा उभे राहा. बसून वाजवत असाल तर चवडा पूर्ण दाबला तरी टाच पेडलवरच राहिली पाहिजे. उभ्याने वाजवताना सगळा भार दुसऱ्या पायावर येतो. पेडल उंच असेल तर तासाभरात पोटरी भरून येते आणि कंबर एका अंगाला कलते. उभ्याने वाजवणाऱ्याने उंच पेडल घेऊच नये, कितीही भारी असलं तरी.

मग एक स्वर धरा आणि आठ मात्रांत आवाज तळापासून पूर्ण चढवा, तसाच उतरवा. मिडीत, म्हणजे कीबोर्डच्या डिजिटल संदेशांच्या भाषेत, एक्स्प्रेशनचे टप्पे ० ते १२७. पेडल घट्ट असेल तर हलवताना आधी अडतं, मग एकदम सुटतं, आणि स्वराला हिसका बसतो. मध्यावर आणून पाय काढून घ्या. पेडल आपोआप खाली-वर झालं तर ते ढिलं आहे. ताण कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का, ते विचारा. नसेल तर दुसरं बघा.

"सवय होईल" हा सल्ला ऐकू नका. पोटरी दुखतेय याची सवय होत नाही, लक्ष मात्र गाण्यावरून उडतं.

भजनाला, नाट्यसंगीताला आपण चपला काढून बसतो. तेव्हा अनवाणीच तपासा: घामेजलेला तळवा गुळगुळीत पत्र्यावर घसरतो, खोल रेघांचं रबर टाचेला रुततं. सतरंजीवर हलकं पेडल पुढे पळतं, त्याला खाली प्लायचा तुकडा आणि वेल्क्रो लावा.

शेवटी किमान आवाज. रोलँडच्या ईव्ही-५ ला त्यासाठी चकती आहे. काही कीबोर्डांत ते सेटिंगमध्ये मिळतं. टाच पूर्ण टेकली तरी गायकाला आधाराचा स्वर ऐकू येईल, इतका ठेवा.