काउंटी कोर्टाचं रेकॉर्ड काढताय? या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला कोर्टाचा कागद लागतो तो अचानक. सिटिझनशिपचा एन-४०० हा फॉर्म भरताना बारा वर्षांपूर्वीच्या अटकेचा प्रश्न समोर येतो. पुण्यात दुसरं लग्न नोंदवायला गेलं की तिकडच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मागतात. किंवा बेसमेंटचं काम द्यायच्या आधी कंत्राटदारावर किती दावे पडलेत, ते बघून घ्यायचं असतं. कोर्टाचं रेकॉर्ड सार्वजनिक आहे एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून मंडळी गूगलवर नाव टाकून बसतात. पण देशात तीन हजारांहून जास्त काउंटी (राज्यातले जिल्ह्यासारखे भाग) आहेत, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि सगळ्यांची मिळून एक यादी कुठेच नाही. हेलपाटे पडतात ते बहुतेक एकाच कारणाने: आधी नाव शोधलं जातं, कोर्ट कुठलं ते नंतर. क्रम उलटा हवा.

पेसरवर शोधून "केसच नाही" म्हणणं

ही सर्रास होणारी चूक. पेसर ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टांचं रेकॉर्ड ऑनलाइन दाखवणारी यंत्रणा आहे. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर माफ, असा तिचा हिशेब. तिथे घटस्फोट, भाडेकरूचा दावा, ट्रॅफिक तिकीट, दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा यांतलं काहीही मिळणार नाही, कारण ही सगळी राज्याच्या कोर्टांची, म्हणजे काउंटी पातळीवरची कामं आहेत. बँकरप्सीचं नेमकं उलट आहे. ती फेडरल कोर्टातच होते, त्यामुळे कंत्राटदाराने दिवाळं काढलंय का हे काउंटी कोर्टाच्या वेबसाइटवर शोधण्यात वेळ घालवू नका. इमिग्रेशन कोर्ट तर या दोन्हींत बसत नाही. तिथे ए-नंबरशिवाय, म्हणजे इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेल्या क्रमांकाशिवाय, पान हलत नाही.

पत्त्यावरचं गाव म्हणजे काउंटी समजणं

पोस्टाच्या पत्त्यावर गाव असतं, काउंटी नसते. फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन या दोन काउंटींत पसरलंय, नेपरव्हिल ड्युपेज आणि विल काउंटींत. ब्रुकलिनची काउंटी म्हणजे किंग्ज, मॅनहॅटनची न्यूयॉर्क आणि स्टेटन आयलंडची रिचमंड. त्या रिचमंडचा व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराशी काही संबंध नाही. व्हर्जिनियात तर शहरं काउंटीबाहेर स्वतंत्र असतात, त्यामुळे पत्त्यावर रिचमंड लिहिलेलं घर प्रत्यक्षात हेन्रायको काउंटीत असू शकतं आणि खटला हेन्रायकोच्या कोर्टात. बाल्टिमोर शहर आणि बाल्टिमोर काउंटी, सेंट लुइस शहर आणि सेंट लुइस काउंटी या जोड्याही अशाच फसवतात. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, एवढं माहीत नसल्यानेही लोक अडतात.

पक्कं करायचा सोपा मार्ग म्हणजे काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या वेबसाइटवर पूर्ण पत्ता टाकून बघा. घर त्यांच्या नोंदीत असेल तर काउंटी तीच. तिकिटाच्या बाबतीत मात्र तुमचा पत्ता कुठला याला अर्थ नाही, गाडी कुठे थांबवली ते बघायचं. तिकीट हरवलं असेल तर डीएमव्हीकडून (राज्याच्या वाहन खात्याकडून) आपल्या ड्रायव्हिंग रेकॉर्डची प्रत घ्या. कॅलिफोर्नियाच्या नोंदीत त्या गुन्ह्यापुढे कोर्टाचा सांकेतिक क्रमांकही छापलेला असतो.

काउंटी बरोबर, खिडकी चुकीची

टेक्ससमध्ये काउंटीला दोन क्लार्क, म्हणजे दप्तर सांभाळणारे अधिकारी, असतात आणि ते एकमेकांच्या फायली बघत नाहीत. फेलनी (गंभीर गुन्हे) आणि घटस्फोट डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. क्लास ए आणि क्लास बी मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हे) साधारणपणे काउंटी क्लार्ककडे. २०,००० डॉलरपर्यंतचे छोटे दावे आणि घर खाली करायच्या केसेस जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक न्यायाधीशाकडे. शहराच्या पोलिसाने दिलेलं वेगाचं तिकीट शहराच्या म्युनिसिपल कोर्टात. म्हणजे एकाच माणसाचं रेकॉर्ड एकाच काउंटीत चार ठिकाणी सापडू शकतं. भाडेकरूची चौकशी करताना फक्त डिस्ट्रिक्ट क्लार्कची वेबसाइट बघून समाधान मानणाऱ्या घरमालकाने घर खाली करायच्या केसेस बघितलेल्याच नसतात.

न्यूयॉर्कमध्ये नावच चकवतं. तिथलं सुप्रीम कोर्ट हे सर्वोच्च न्यायालय नव्हे, खालचं, खटला चालवणारं कोर्ट आहे, आणि त्याचं दप्तर काउंटी क्लार्ककडे असतं. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण ट्रॅफिकचं म्हणून गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालतं. एडिसनमध्ये पकडलं असेल तर मिडलसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टात पहिला फोन करून उपयोग नाही.

डॉकेट नंबर, म्हणजे केस नंबर, हाताशी असेल तर तोच खिडकी सांगतो. न्यू जर्सीचा नंबर 'एफएम-१२' असा सुरू होत असेल तर 'एफएम' म्हणजे घटस्फोटाचं प्रकरण आणि १२ हा मिडलसेक्सचा क्रमांक. एकवीस काउंटी इंग्रजी अकारविल्हे मोजल्या की बारावी तीच येते. 'एमआयडी-एल' असेल तर मिडलसेक्सचा लॉ डिव्हिजन, म्हणजे मोठा दिवाणी दावा. 'डीसी' म्हणजे स्पेशल सिव्हिल (लहान रकमेचे दिवाणी दावे), 'एलटी' म्हणजे घरमालक-भाडेकरू. नंबर उतरवून घेताना ही सुरुवातीची अक्षरं गाळू नका. नुसत्या आकड्यावर खिडकीवरचा माणूस काही करू शकत नाही.

एक शेवटची गल्लत. खरेदीखत, मॉर्गेज, लीन (मालमत्तेवरचा बोजा) यांची नोंद काउंटी रेकॉर्डर किंवा क्लार्ककडे असते, कोर्टात नाही. लग्नाचा दाखला जिथून काढला तिथे घटस्फोटाचा हुकूमनामा मिळेलच असं नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या आरोग्य खात्याकडे घटस्फोटाची नोंद आहे ती फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातली, आणि तीही नुसता दाखला. हुकूमनामा हवा असेल तर ज्या काउंटीत केस झाली तिथलं सुपीरियर कोर्टच गाठावं लागतं.

नाव एकाच स्पेलिंगने शोधणं

संगणक उच्चार ओळखत नाही, अक्षरं जुळवतो. चव्हाण हे आडनाव 'व्ही-ए-एन', 'व्ही-एच-ए-एन' आणि चक्क 'चौहान' अशा तिन्ही रूपांत सापडतं. देशमुखमधला शेवटचा 'एच' गळतो. पवारच्या 'ए'चा 'ओ' होतो. त्यात आपली मधल्या नावाची पद्धत. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, आणि तिकीट टाइप करणारा तेच आडनाव समजतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांची नोंद 'एफएनयू' या अक्षरांखाली जाते, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईची जुनी केस माहेरच्या नावाने शोधायला हवी, हे तर तिलाही आयत्या वेळी आठवत नाही.

म्हणून शोध मोकळा ठेवा. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं आणि पुढे तारांकनाचं चिन्ह (*), वेबसाइट चालवून घेत असेल तर. नाहीतर आडनाव पूर्ण आणि पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर. मग मधलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून पुन्हा एकदा. फिर्यादी आणि प्रतिवादी असे वेगळे पर्याय असतील तर दोन्ही. तारखांची मर्यादा आधी काढून टाका. बऱ्याच वेबसाइटवर ती आपोआप अलीकडच्या काळावर ठेवलेली असते.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. पाटील, जोशी, कुलकर्णी शोधले की ढीगभर निकाल येतात आणि जन्मतारखेने गाळायची सोय असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात तर ती मुद्दाम बंद आहे: रिव्हरसाइडच्या सुपीरियर कोर्टाविरुद्धच्या एका दाव्यात तिथल्या अपील कोर्टाने २०२१मध्ये निकाल दिला की जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून जनतेला शोध घेऊ देणं नियमात बसत नाही. त्यामुळे नुसतं नाव जुळलं म्हणून कुणाला नोकरी किंवा घर नाकारू नका. फाइल उघडून पत्ता, सही, वकिलाचं नाव असं दुसरं काहीतरी जुळतंय का बघा.

"नो रेकॉर्ड्स फाउंड" म्हणजे केस नाही, असं धरणं

हे वाक्य वेबसाइटच्या मर्यादेबद्दल असतं. न्यूयॉर्कच्या वेबक्रिम्स या कोर्टाच्या वेबसाइटवर पुढची तारीख पडलेले चालू फौजदारी खटलेच दिसतात. निकाल लागून गेलेला खटला तिथून जातो. तिथे घटस्फोटाची फाइल शंभर वर्षं गोपनीय असते. पक्षकार, त्यांचे वकील किंवा कोर्टाचा हुकूम असलेला माणूस एवढ्यांनाच ती मिळते. कॅलिफोर्नियात कौटुंबिक, फौजदारी, पालकत्वाच्या वगैरे प्रकरणांची कागदपत्रं त्रयस्थाला इंटरनेटवर बघता येत नाहीत, त्यासाठी कोर्टाच्या इमारतीतल्या संगणकावर बसावं लागतं. तिथेच घर खाली करायच्या केसेस दाखल झाल्यापासून ६० दिवस झाकलेल्या असतात, आणि त्या मुदतीत घरमालक जिंकला नाही तर एरवी झाकलेल्याच राहतात.

जुन्या फायलींचं आणखी वेगळं. कॅलिफोर्नियाच्या काउंटींत पूर्वी म्युनिसिपल कोर्टं वेगळी होती. १९९८मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २२० नंतर ती सुपीरियर कोर्टात विलीन झाली आणि हे काम २००१ साली संपलं. त्याआधीच्या केसचा नंबर आजच्या वेबसाइटवर बऱ्याचदा लागत नाही, क्लार्कला जुनी सूची बघायला सांगावं लागतं. शिवाय कोर्टाला फायली कायम ठेवायचं बंधन नाही. तिथे बहुतेक मिसडिमीनरची फाइल पाच वर्षांनी आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची दहा वर्षांनी नष्ट करता येते.

फाइल नष्ट झाली म्हणून इमिग्रेशनवाल्यांपुढे रिकाम्या हाताने जाऊ नका. शोध घेतला, फाइल अमुक कारणाने उपलब्ध नाही, असं शिक्क्याचं पत्र क्लार्ककडून मागा. बरीच कोर्टं यासाठी छापील फॉर्मच ठेवतात. आणि रेकॉर्ड सील (बंद) किंवा एक्स्पंज (पुसून टाकलेलं) झालंय म्हणून एन-४००वर "नाही" लिहिणं ही कागदाची नव्हे, खोटं बोलल्याची अडचण होऊन बसते. त्या फॉर्मला सील झालेली प्रकरणंही सांगावी लागतात. टेक्ससचं डिफर्ड ॲडज्युडिकेशन, म्हणजे दोषी ठरवणं लांबणीवर टाकून आरोपीला देखरेखीखाली ठेवणं, कोर्टाच्या भाषेत दोषसिद्धी नसलं, तरी इमिग्रेशनच्या कायद्यात ते दोषसिद्धीत मोजलं जाऊ शकतं. इथे फॉर्म भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

स्क्रीनचा फोटो किंवा साधी प्रत पुरेल असं वाटणं

ऑनलाइन दिसते ती बहुतेक वेळा नुसती रोजनाम्यासारखी यादी असते: कुठल्या तारखेला काय दाखल झालं एवढंच. सरकारी कामाला लागते ती सर्टिफाइड प्रत, आणि फौजदारी प्रकरणात सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे शेवटी काय झालं याचा शिक्क्याचा कागद. पोलिसांचं क्लिअरन्स त्याच्या जागी चालत नाही, त्यात निकाल नसतो. शुल्क आधी बघून ठेवा. कॅलिफोर्नियात पानाला ५० सेंट, सर्टिफाइड करण्याचे ४० डॉलर, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सर्टिफाइड प्रत मात्र १५ डॉलर. कर्मचाऱ्याला शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शोधाचे आणखी १५.

पोस्टाने मागवताना गोची ही की पानं किती निघतील ते माहीत नसतं, म्हणून रक्कम चुकते आणि तीन आठवड्यांनी अर्ज परत येतो. तोड साधी आहे. चेकवर रकमेची जागा कोरी ठेवा आणि वर 'नॉट टू एक्सीड फिफ्टी डॉलर्स' असं लिहा. क्लार्क त्या मर्यादेत खरी रक्कम भरतो. सगळी कोर्टं हे घेत नाहीत, पण कॅलिफोर्नियात बरीच घेतात, फोन करून विचारा. सोबत केस नंबर, पक्षकारांची नावं, साधारण साल, कुठला कागद हवा त्याचं नाव, आणि आपला पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट. "सगळी फाइल पाठवा" असं लिहू नका. घटस्फोटाची फाइल चारशे पानांची असू शकते आणि कामाची त्यातली तीन.

पार्श्वभूमी तपासून देणाऱ्या खासगी वेबसाइट आहेतच. त्या जुनी माहिती विकतात, निकाल फिरला तरी नोंद तशीच ठेवतात, आणि भाडेकरू किंवा नोकर निवडायला त्यांचा अहवाल वापरायचा तर फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट या केंद्रीय कायद्याच्या अटी लागू होतात. नोकरीसाठी तर उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते.

हुकूमनामा भारतात वापरायचा असेल तर सर्टिफाइड प्रतीवर त्याच राज्याचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र, लागतं. टेक्ससच्या हुकूमनाम्यावर कॅलिफोर्नियातून अपोस्टिल मिळत नाही, तुम्ही आता सॅन होजेला राहत असलात तरी. बहुतेक राज्यांत ते सेक्रेटरी ऑफ स्टेट देतो, न्यू जर्सीत ट्रेझरी खातं.

प्रत हातात पडली की खिडकीवरून हलायच्या आधी शिक्का, क्लार्कची सही आणि पानांचा क्रम बघा. कॅलिफोर्नियाचा हुकूमनामा असेल तर एफएल-१८० या फॉर्मवर दोन तारखा असतात: एक कागद दाखल झाल्याची, दुसरी लग्नाचा दर्जा संपल्याची. दुसरी काही महिने पुढचीही असू शकते, कारण प्रतिपक्षाला नोटीस पोचल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात. पुण्यातल्या अर्जात घटस्फोटाची तारीख म्हणून लिहायची ती ही दुसरी.