उन्हात पडलेलं शेणखत आजच झाका

कास्तकार भावांनो, मे अर्धा सरला. दर दुसऱ्या वावरात शेणखताचे ढीग उघडे पडले आहेत. बंडी रिकामी होती म्हणून नेऊन टाकले, आता पाऊस आला की पसरू, असा हिशेब असतो. ऑगस्टात त्याची खूण दिसते: ढीग होता तेवढ्या गोलात सोयाबीन काळंशार आणि आजूबाजूला पिवळं.

शेणखतात साधारण 0.5 टक्का नत्र (नायट्रोजन) असतं. एकरी 2 टन टाकलं तर 10 किलो नत्र, म्हणजे युरियाची जवळपास अर्धी बॅग. 44-45 अंशांच्या उन्हात ओलसर खतातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. ढीग उकरल्यावर नाकाला झोंबतं, ते तुमचं नत्रच जात असतं. त्यात एखादा अवकाळी पाऊस झाला की उरलेलं नत्र आणि पालाश (पोटॅश) ढिगाखाली झिरपतं नाही तर नाल्याला लागतं. आपला नाला वर्धेला किंवा वैनगंगेला मिळतो, तिथून प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. अकोला-बुलडाण्याकडचं पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्रात जातं. तिथे त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढतं, मेल्यावर त्यातलं काही तळाशी गाळात बसतं. आपल्या वावरात ते परत येत नाही.

म्हणून खत उकिरड्यावरच राहू द्या. वरून पाणी शिंपडा, मातीचा चार बोटं थर द्या, जमलं तर वर कुटार (भुसा) टाका. वावरात नेणं रोहिणी लागल्यावर, 25 मेनंतर. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी वखर फिरवा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. पसरायचं ते संध्याकाळी. हा माझा अनुभव आहे, शिफारशीत वेळ लिहिलेली नाही.

खत मुठीत दाबून पाहा. गोळा बनला, हात ओला झाला नाही आणि मातीचा वास आला तर ते कुजलं आहे. कच्चं असेल तर नेऊ नका, मुळं खाणारी हुमणी अळी त्यातूनही वावरात येते.

कृषी केंद्रात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन) वाढवणारी बाटली दाखवतील. घेण्याआधी एवढा हिशेब करा: एका एकराची वरची 15 सेंटिमीटर माती 8 ते 9 लाख किलो भरते. कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर त्यात 8-9 क्विंटल कर्ब टिकून राहायला हवा. लिटरभर बाटलीत तो कुठून येणार? त्या पैशात पऱ्हाटीची (कपाशीच्या काड्यांची) कुट्टी करून घ्या.

बाकी कामं:
- पऱ्हाटी, तुराट्या, धुरे (बांध) जाळू नका.
- कंपोस्ट: 1 टन काडीकचऱ्याला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो कंपोस्ट जिवाणू.
- माती परीक्षण. कर्ब 0.5 टक्क्याखाली असेल तर कमी.
- सोयाबीनची उगवण तपासा, 70 टक्के हवी.
- बियाण्याला चोळायची जिवाणू खतं, रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारं) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं), प्रत्येकी 250 ग्रॅम 10 किलो बियाण्याला.
- 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही.

ज्यांचे ढीग आधीच वावरात पडले आहेत, त्यांनी चार लहान ढिगांचा एक मोठा करावा, पाणी मारून मातीने लिंपावा. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. आभाळ भरून यायच्या आत उरकून घ्या.