घरच्या हवामान केंद्रातल्या या चुका टाळा

मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात घरचा सेन्सर वेधशाळेपेक्षा तीन-चार अंश जास्त दाखवू लागला, तर आधी त्याची जागा बघा. गच्चीचा स्लॅब, पत्रा, पश्चिमेची भिंत, एसीचे बाहेरचे युनिट यांच्याजवळ तो त्यांचीच धग मोजतो. गवतावर किंवा मातीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या तबकड्यांच्या हवेशीर कवचात तो असावा. भोके पाडलेला बंद डबा चालत नाही. वारा पडला की आतली हवा तापून राहते.

दोष कुठे आहे ते ठरवायला सेन्सर आणि एक खात्रीचा थर्मामीटर दोन तास घरात शेजारी-शेजारी ठेवा. तिथेही फरक पडला तर सेन्सर चुकतो आहे. तेवढा फरक सेटिंगमध्ये वजा करा. घरात जुळतात आणि बाहेर दुपारीच बिघडते, तर दोष कवचाचा किंवा जागेचा.

पावसाची चूक जास्त फसवी, कारण कमी भरलेला आकडा खराच वाटतो. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर आणि पाणसळ लावून समतल. खाली फरशी असेल तर शिंतोडे आत जातात. गच्चीवर वळवाच्या वाऱ्यात थेंब बाजूने निघून जातात, म्हणून अंगण असेल तर अंगणच बरे.

टिपिंग बकेटची, म्हणजे नरसाळ्याखालची छोटी बादली भरली की उलटते आणि ते उलटणे मोजून पाऊस नोंदला जातो त्या मापकाची, तपासणी पाण्याने करा. नरसाळ्याचा व्यास १६ सेंमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे २०१ चौसेंमी; म्हणजे ४०२ मिलीलिटर पाणी = २० मिमी पाऊस. हे पाणी सलाइनच्या नळीने थेंब-थेंब, तासाभरात सोडा. एकदम ओतले तर बादली उलटत असतानाचे पाणी मोजले जात नाही. कोकणातल्या मुसळधार पावसात नेमके हेच होते. तिथे शेजारी साधा हाती मापक ठेवा आणि एकूण बेरजेसाठी त्याच्यावरच विश्वास ठेवा. त्यात जमलेले मिलीलिटर गुणिले १०, भागिले नरसाळ्याचे चौसेंमी, म्हणजे मिमी.

पाऊस पडतोय आणि आकडा शून्यच? मुंग्या, कोळ्याचे जाळे किंवा पाला असणार. मृग लागण्याआधी साफ करा, पण आधी वायर काढा; नाहीतर धुण्याचे पाणीही पाऊस म्हणून नोंदले जाते. बादलीच्या आसाला तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.

वेधशाळेशी तुलना करताना वेळ पाळा. तिथला पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा मोजतात, घरचे यंत्र बहुधा मध्यरात्री शून्यावर येते. आणि वेळ जुळूनही आकडे वेगळे आले म्हणून लगेच यंत्राला दोष देऊ नका: २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंदले गेले, कुलाब्याला जेमतेम ७३.

एखाद्या दिवशी हाती मापकातले पाणी मोजायचे राहिले तर रकान्यात शून्य लिहू नका, ‘नोंद नाही’ लिहा. दुसऱ्या दिवशीचा आकडा दोन दिवसांचा मिळून आहे, हेही शेजारी लिहून ठेवा.